चलन कुणाच्या नावाचं? – भाड्याची गाडी आणि वेगाचा दंड

मिरज जंक्शनवरून पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर अशा चारही दिशांना रेल्वे जाते. तरीसुद्धा आपल्या हॉस्टेलची कुठलीही ट्रिप ठरली की पहिला प्रश्न असतो, "गाडी कोणाची सांगायची?" कारण उघड आहे. कासच्या पठारावर रेल्वे जात नाही, दांडोबाच्या डोंगरावर जात नाही, आणि दहाबारा जणांनी पैसे काढले तर गाडी स्वस्त पडते. मग कोणाच्या तरी ओळखीने बारा सीटर ठरते, ॲडव्हान्स दिला जातो, आणि गाण्यांची यादी करायला सगळे बसतात. गाडीचे कागद मात्र कुणी विचारत नाही. आणि दोन-तीन आठवड्यांनी गाडीमालकाचा फोन आला, की "तुमच्या ट्रिपचं चलन आलंय, ओव्हरस्पीडचं," तेव्हा हॉस्टेलवर मोठी चर्चासत्रं भरतात. दंड कुणी भरायचा? ड्रायव्हरनं, मालकानं की आपण? कॅमेरा खरंच बरोबर मोजतो का? आणि मुळात मर्यादा किती होती?

या सगळ्या प्रश्नांची उत्तरं एका जागी मिळावीत म्हणून हा लेख. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे ‘अधिसूचना’ वगैरे शब्द लिहिताना संपादक मंडळातल्या मैत्रिणीला दोनदा विचारावं लागलं. ते सांभाळून घ्या. आकडे मात्र नीट तपासले आहेत.

आधी नंबर प्लेट बघा

गाडी दारात आली की तिची नंबर प्लेट हे तिचं आयकार्ड समजा. पांढऱ्या प्लेटवर काळी अक्षरं म्हणजे खाजगी गाडी. पिवळ्या प्लेटवर काळी अक्षरं म्हणजे भाड्यानं चालणारी, परमिट असलेली गाडी. काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं म्हणजे ‘सेल्फ ड्राइव्ह’, म्हणजे भाड्यानं घेऊन आपण स्वतः चालवायची गाडी. इलेक्ट्रिक असेल तर प्लेट हिरवी. त्यावर पांढरी अक्षरं खाजगी गाडीला आणि पिवळी अक्षरं भाड्याच्या गाडीला.

सेल्फ ड्राइव्हसाठी १९८९ ची ‘रेंट अ कॅब’ योजना आहे. तिच्यात परवाना मिळवायला किमान ५० गाड्या लागतात. म्हणजे आपल्या गल्लीतला कोणी ओळखीचा माणूस त्याची पांढऱ्या प्लेटची एकुलती एक व्हॅन "दिवसाचे इतके द्या आणि घेऊन जा" म्हणत असेल, तर ते या योजनेत बसत नाही. खाजगी गाडी परमिटशिवाय भाड्यानं चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या १९२ (अ) कलमानुसार पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. शिवाय अपघात झालाच, तर गाडी भाड्यानं दिली होती या कारणावरून विमा कंपनी हात वर करू शकते. त्यापुढे वेगाचा दंड म्हणजे किरकोळ खर्च वाटेल.

आता लायसन्स. आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे ‘एलएमव्ही’ म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असतं. त्यावर पिवळ्या प्लेटची गाडी चालवता येते का, यावर वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालू होत्या. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिला की ७,५०० किलोच्या आतलं हलकं वाहतूक वाहन चालवायला एलएमव्ही लायसन्स पुरतं. पण एक बारीक गोष्ट राहते. कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे वाहतूक वाहन चालवणाऱ्याचं वय किमान २० पूर्ण पाहिजे. म्हणजे फर्स्ट इयर आणि सेकंड इयरवाल्यांनी "ड्रायव्हर काका, जरा मी चालवू?" हे विचारूसुद्धा नये.

एकाच रस्त्यावर दोन मर्यादा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. "हायवेला शंभर चालतंय की ओ," हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे.

केंद्र सरकारनं ६ एप्रिल २०१८ ला अधिसूचना काढून कमाल वेग ठरवले. त्यात गाडी किती माणसांची आहे यावर मर्यादा बदलते. ड्रायव्हर सोडून आठ किंवा त्यापेक्षा कमी सीटांच्या गाडीला, म्हणजे कार, सात सीटर व्हॅन वगैरेंना, एक्स्प्रेसवेवर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००, आणि शहरातल्या व बाकीच्या रस्त्यांवर ७०. ड्रायव्हर सोडून नऊ किंवा त्याहून जास्त सीटा असतील तर हेच आकडे १००, ९०, ६० आणि ६० होतात.

आपली लाडकी बारा सीटर या दुसऱ्या गटात येते. म्हणजे पुणे–बेंगळुरू हायवेवर शेजारून जाणारी कार ९८ नं जात असेल तर ती नियमात आहे, आणि तिच्या मागोमाग त्याच वेगानं जाणारी आपली बारा सीटर नियमाबाहेर आहे. पेठ नाक्यावरून आत सांगलीकडे वळल्यावर साध्या रस्त्याचा नियम लागला तर कारला ७० आणि आपल्याला ६०.

हे आकडे कमाल आहेत. कायद्याच्या ११२ व्या कलमानुसार राज्य सरकार किंवा अधिकृत यंत्रणा एखाद्या रस्त्यासाठी यापेक्षा कमी मर्यादा लावू शकते. उदाहरण द्यायचं तर, मुंबई–पुणे एक्स्प्रेसवेवर अधिसूचनेतले १२० चालत नाहीत. तिथे कारलाही सपाटीवर १०० आणि घाटात त्यापेक्षा बरीच कमी मर्यादा आहे. त्यामुळे शेवटचा शब्द रस्त्याकडेच्या लाल गोल कड्याच्या पाटीचा. शाळा, पूल, घाट, रस्त्याचं काम अशा ठिकाणी ती पाटी अचानक ४० किंवा ३० सुद्धा दाखवते.

इथे अजून एक गैरसमज आहे. मोठ्या प्रवासी गाड्यांना ‘स्पीड गव्हर्नर’ म्हणजे वेग नियंत्रक बसवावा लागतो आणि तो ८० च्या वर गाडी जाऊ देत नाही. "गव्हर्नर आहे, मग चलन येईलच कसं?" असं एका मालकानं मला विचारलं. गव्हर्नरला ८० कळतात. तो रस्त्याकडेची ६० ची पाटी वाचत नाही.

वेगाची बंदूक चालते कशी

इंजिनीअरिंगचे विद्यार्थी म्हणून हा भाग आपल्याला आवडायला हरकत नाही.

जुनी पद्धत रडारची. मिरज स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून न थांबणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐका. गाडी जवळ येताना आवाज चढा लागतो, पुढे निघून गेली की उतरतो. हाच डॉप्लर परिणाम. रडार गन सुमारे २४ गिगाहर्ट्झच्या लहरी गाडीवर सोडते. गाडी पुढे येत असेल तर परतणाऱ्या लहरींची वारंवारता किंचित वाढलेली असते. फर्स्ट इयरच्या फिजिक्समधलं सूत्र लावलं, म्हणजे गाडीच्या वेगाची दुप्पट, गुणिले वारंवारता, भागिले प्रकाशाचा वेग, तर ताशी १०० किलोमीटरसाठी फरक येतो साधारण ४,५०० हर्ट्झ. २४ अब्जांत साडेचार हजार म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण मूळ लहर आणि परत आलेली लहर एकत्र मिसळली की हा फरक बीट म्हणून वेगळा काढता येतो आणि तो अगदी आरामात मोजता येतो.

नवीन पद्धत लेझरची. हायवे पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्यांमध्ये बहुधा हीच गन असते. ती अदृश्य इन्फ्रारेड प्रकाशाचे बारीक ठोके एकामागून एक सोडते आणि प्रत्येक ठोका परत यायला किती वेळ लागला ते मोजते. गाडी ३०० मीटरवर असेल तर प्रकाश जाऊन यायला २ मायक्रोसेकंद लागतात. पुढच्या ठोक्याला गाडी थोडी जवळ आलेली असते, म्हणून वेळ कमी लागतो. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात असे शेकडो ठोके होतात. अंतर आणि वेळ यांचा ग्राफ काढला की जी रेष मिळते तिचा उतार म्हणजे गाडीचा वेग. आपण लॅबमध्ये जर्नलवर काढतो तीच रेष, फक्त इथे रीडिंग कॉपी करता येत नाहीत.

तिसरी पद्धत सरासरी वेगाची. एका कॅमेऱ्यानं नंबर प्लेट वाचली, दहा किलोमीटर पुढच्या कॅमेऱ्यानं पुन्हा वाचली. मध्ये पाच मिनिटं गेली असतील तर सरासरी १२० झाली. कॅमेरा दिसला की ब्रेक मारायचा आणि मग पुन्हा पळवायची, ही युक्ती इथे चालत नाही. मुंबई–पुणे एक्स्प्रेसवेवर २०२४ पासून सुरू झालेल्या यंत्रणेत ही सोय आहे.

"गन तिरकी धरली होती, म्हणून वेग जास्त दाखवला" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. गणित उलट आहे. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गनला गाडीच्या वेगाचा फक्त आपल्या दिशेचा भाग दिसतो, म्हणजे वेग गुणिले कोनाची कोसाइन. कोन १० अंश असेल तर १०० च्या जागी ९८.५ दिसतात, २० अंश असेल तर ९४. म्हणजे तिरकेपणाचा फायदा आपल्यालाच होतो.

आणि गाडीच्या स्पीडोमीटरचं काय? संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार काट्यानं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवलं तर चालतं, तेही १० टक्के अधिक ४ च्या मर्यादेत. खरा वेग ६० असताना काटा ७० पर्यंत जाऊ शकतो. म्हणून काट्यावर ६० ठेवणारा माणूस बहुतेक वेळा सुरक्षित बाजूला असतो. फक्त कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर बसवलेले असतील तर हिशोब बिघडतो: घेर ५ टक्के वाढला की खरा वेग काट्याच्या ५ टक्के पुढे जातो.

कायदा नक्की काय म्हणतो

वेगाच्या दंडाचं कलम १८३. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम किंवा जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. त्याआधी पहिल्या वेळी ४०० पर्यंतच होता. गंमत अशी की वेगमर्यादा ठरवताना सीटा मोजतात आणि दंड ठरवताना वजन बघतात. त्यामुळे बारा सीटर गाडी मर्यादेला ‘मोठी’ आणि दंडाला ‘हलकी’ ठरते. दुसऱ्यांदा हाच गुन्हा झाला तर लायसन्स जप्त करण्याची तरतूद आहे.

या कलमाची पुढची दोन पोटकलमं फारशी कुणाला माहीत नसतात, पण मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटतात.

पोटकलम ३ म्हणतं की एका साक्षीदाराला "गाडी जोरात होती" असं वाटलं, एवढ्यावर कुणाला दोषी ठरवता येणार नाही. त्याचा अंदाज यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणावर आधारलेला पाहिजे. म्हणजे नुसत्या नजरेवर शिक्षा नाही.

पोटकलम ४ तर वाचण्यासारखं आहे. एखादं वेळापत्रक जाहीर केलं, किंवा अमुक वेळेत प्रवास पूर्ण करा असा हुकूम दिला, आणि वेगमर्यादा मोडल्याशिवाय ते शक्यच नव्हतं असं कोर्टाला वाटलं, तर ते वेळापत्रक करणाऱ्या किंवा हुकूम देणाऱ्याविरुद्धच प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. कलमाचा मुख्य रोख नोकर ड्रायव्हरला पळवणाऱ्या मालकांवर आहे. पण कायदा करणाऱ्यांना एक गोष्ट कळलेली होती: ॲक्सिलरेटरवर पाय एकाचा असतो आणि घाई पुष्कळदा दुसऱ्याची असते.

कॅमेऱ्यासाठी ऑगस्ट २०२१ मध्ये १६७ (अ) हा नियम आला. त्यानुसार उपकरणाला मान्यतेचं प्रमाणपत्र पाहिजे आणि ते दरवर्षी नवं करून घ्यायचं. कॅमेरा असलेल्या पट्ट्याच्या आधी इशाऱ्याच्या पाट्या पाहिजेत. चलनावर नंबर प्लेट दिसणारा फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेलं कलम हे सगळं पाहिजे.

आमच्या मजल्यावरचं प्रकरण

आता हे सगळं वाचायची वेळ का आली, ते सांगते. सप्टेंबरात आमच्या मजल्यावरच्या बारा मुली कासला गेल्या. त्या दिवशी मी घरी मामेबहिणीच्या लग्नात होते, त्यामुळे फुलं मी फक्त फोटोत पाहिली. तीन आठवड्यांनी गाडीमालकाचा फोन आला. आष्ट्याच्या अलीकडे, संध्याकाळी, ६० च्या मर्यादेत ७६. दंड २,००० रुपये. मालक म्हणाले, "तुम्ही भरताय का बघा, न्हाईतर ड्रायव्हरच्या पगारातनं कापून घेतो."

मजल्यावर दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे, गाडी आपण चालवली का? मग आपण का भरायचं? दुसरी म्हणे, काकांनी दिवसभर आपल्याला ‘ताई, ताई’ करून नीट नेलं-आणलं, त्यांच्या पोटावर का मारायचं? शेवटी ‘रूलबुक’ म्हणून मला बोलावणं आलं. (हे माझं फर्स्ट इयरपासूनचं नाव. कौतुकानं ठेवलेलं नाही.)

मी काकांनाच फोन केला. ते म्हणाले, "ताई, साडेआठाच्या आत गेटवर पोचवा म्हणालत्या सगळ्याजणी. न्हाई पोचलं तर घरी फोन जातोय म्हणल्यावर मी तरी काय करणार? मलाबी लेकी हायत."

मग मी कागद घेऊन बसले. मुली साताऱ्यातून निघाल्या सव्वासहाला. गेट साडेआठला. मध्ये २ तास १५ मिनिटं. त्यात चहा आणि बाथरूमसाठी २० मिनिटं थांबल्या. उरली ११५ मिनिटं. सातारा ते पेठ नाका हायवेनं सुमारे ८० किलोमीटर. गव्हर्नर ८० वर अडवतो, म्हणजे एकदाही ब्रेक न लावता ६० मिनिटं. पेठ नाका ते मिरज सुमारे ५० किलोमीटर. मर्यादा ६०, म्हणजे पुन्हा एकदाही ब्रेक न लावता ५० मिनिटं. झाली ११०. टोल नाका, हायवेवरचे वळवलेले रस्ते, गावांमधले चौक आणि सांगलीतलं संध्याकाळचं ट्रॅफिक या सगळ्याला मिळून उरली ५ मिनिटं.

गणित मांडल्यावर भांडण आपोआप थांबलं. नियम पाळून साडेआठला पोचणं शक्यच नव्हतं, मग कोणीही चालवू दे.

कायद्यानं बघायचं तर उत्तर असं आहे. ई-चलन गाडीच्या नोंदणीवर निघतं, म्हणून मेसेज मालकाला येतो. पण गुन्हा चालवणाऱ्याचा असतो. पोलिसांनी विचारलं तर त्या वेळी गाडी कोण चालवत होतं त्याचं नाव, पत्ता आणि लायसन्सची माहिती द्यायला मालक १३३ व्या कलमानं बांधलेला आहे. प्रवाशांचं नाव यात कुठेच येत नाही. भाड्याच्या बोलीत "दंड गिऱ्हाईकाचा" असं ठरलेलं असेल तर ती गोष्ट वेगळी, पण इथे तसं काहीही ठरलं नव्हतं. म्हणजे कायद्यानं मुलींना एक रुपयाही देणं लागत नव्हतं.

तरी त्यांनी दिले. बारा जणींचे प्रत्येकी १६७ रुपये, वर उरलेल्या चार रुपयांचं चॉकलेट मला फी म्हणून. चलन भरल्याची पावती काकांना पाठवली. दोन हजार ही रक्कम आपल्याला मेसच्या बिलासारखी वाटते, काकांना ट्रिपमागे जे मिळतं त्यापेक्षा ती जास्त होती. आणि दुसऱ्या चलनाला लायसन्स अडकलं असतं तर त्यांची भाकरीच अडकली असती.

घाईचा भाव

वेग वाढवून नक्की किती मिळतं, तेही बघून घेऊ. १०० किलोमीटर रस्ता ८० नं गेलात तर ७५ मिनिटं, १०० नं गेलात तर ६०. वाचली १५ मिनिटं, तीही रस्ता पूर्ण मोकळा असेल तर.

आता किंमत. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरू, आणि कोरड्या चांगल्या रस्त्याचा घर्षणांक ०.७. ८० च्या वेगात प्रतिक्रियेत ३३ मीटर आणि ब्रेकमध्ये ३६ मीटर, म्हणजे गाडी सुमारे ६९ मीटरवर थांबते. १०० च्या वेगात ४२ आणि ५६, म्हणजे ९८ मीटर. वेग पावपट वाढला, अंतर त्याहून जास्त वाढलं, कारण ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गावर जातं.

पण खरा धक्का पुढे आहे. समजा ६९ मीटरवर उसाची ट्रॉली आडवी आहे, मागे रिफ्लेक्टर नाही. गळीत हंगामात आपल्या भागात हे काही नवीन नाही. ८० नं येणारी गाडी ट्रॉलीला न शिवता थांबते. १०० नं येणारी गाडी त्याच जागी पोचते तेव्हा पूर्ण ब्रेक दाबलेला असूनही तिचा वेग ताशी ७० च्या वर असतो. मी हे तीनदा करून बघितलं, कारण पहिल्यांदा खरं वाटलं नाही. तुम्हीही करा, बारावीचं सूत्र आहे. पावसात घर्षणांक आणखी खाली येतो, आणि बारा माणसं भरलेल्या जुन्या टायरच्या गाडीचं तर विचारूच नका.

बाहेरच्या जगात

वेगाच्या दंडाला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. २८ जानेवारी १८९६ ला इंग्लंडमधल्या केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या गृहस्थाला पकडलं. मर्यादा होती ताशी २ मैल आणि तो चालला होता ८ मैलानं, म्हणजे आपल्या हिशोबात साधारण १३ किलोमीटर. पोलीस सायकलवरून त्याच्या मागे लागला. दंड झाला एक शिलिंग. आपल्या कॉलेज रोडवर आज कोणीही सायकलवाला यापेक्षा जोरात जातो.

आजच्या ब्रिटनमध्ये कॅमेऱ्यात सापडलेल्या गाडीच्या नोंदणीधारकाला साधारण १४ दिवसांच्या आत नोटीस जावी लागते. गाडी भाड्याची असेल तर कंपनी गिऱ्हाईकाचं नाव कळवते, आणि बहुतेक कंपन्या या कामाची वेगळी फी लावतात. शिकायला किंवा नोकरीला बाहेर जाणाऱ्या सीनियर्सनी करार सही करण्याआधी ही ओळ वाचावी. फिनलंडमध्ये जास्त वेगाचा दंड माणसाच्या उत्पन्नावर ठरतो. २०२३ मध्ये तिथल्या एका कोट्यधीश गृहस्थाला १,२१,००० युरो भरावे लागले. दोन हजार रुपये सगळ्यांना सारखे टोचत नाहीत, हे त्यांनी ओळखलं आहे.

ट्रिपच्या आधी आणि नंतर

शेवटी कामाच्या गोष्टी. कापून दारामागे चिकटवा.

१. गाडी ठरवताना प्लेटचा रंग, परमिट, विमा आणि पीयूसी बघा. फोटो काढून ठेवा. मालक चांगला असेल तर रागावत नाही.

२. सीटा मोजा. आठपर्यंत एक मर्यादा, नऊपासून दुसरी. बारा सीटर असेल तर हायवेला ९० आणि साध्या रस्त्याला ६० डोक्यात ठेवा, आणि पाटी कमी सांगत असेल तर पाटीचं ऐका.

३. दंड आला तर कुणी भरायचा, हे ॲडव्हान्स देतानाच बोलून घ्या. दोन ओळींचा मेसेज पुरतो.

४. चलनाचा मेसेज आला तर मेसेजमधली लिंक दाबू नका. चलनाच्या नावानं व्हॉट्सॲपवर एपीके फाइल पाठवून खातं रिकामं करणारे लोक आहेत. वाहतूक पोलिसांच्या अधिकृत वेबसाइटवर किंवा ॲपवर स्वतः जाऊन गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे आकडे टाका. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ असतं.

५. फोटो नीट बघा. नंबर दुसऱ्याच गाडीचा असेल, किंवा गाडी त्या दिवशी तिथे नव्हतीच, तर त्याच ठिकाणी तक्रार नोंदवता येते. चलन मान्य नसेल तर कोर्टात जाता येतं. न भरता विसरून जाणं हा मार्ग नाही. थकलेल्या चलनांच्या नोटिसा लोकअदालतीकडे जातात, आणि त्याही मालकालाच.

६. परतीचं गणित सकाळीच मांडा. एकूण अंतर भागिले ४५ करा, म्हणजे चहा, टोल आणि ट्रॅफिक धरून खरे तास मिळतात. कास ते मिरज दीडशेच्या वर किलोमीटर आहे. म्हणजे साडेतीन तास. साडेआठचं गेट असेल तर पाचच्या आत पठार सोडायचं.

सहावा मुद्दा फक्त मुलींसाठी नाही, स्टाफसाठीही आहे. आम्ही वरचं ११५ मिनिटांचं गणित अर्जासोबत जोडून रेक्टर मॅडमना दिलं. गेटची वेळ बदलली नाही, आणि ती बदलावी अशी आमची मागणीही नव्हती. मॅडमनी एवढंच केलं: ट्रिपच्या परवानगीच्या फॉर्मवर पेनानं एक रकाना आखला, ‘उशीर होत असल्यास रेक्टरना फोन केल्याची वेळ’. तिथे वेळ लिहिलेली असेल तर अर्ध्या तासापर्यंत घरी फोन जात नाही. सध्या हा रकाना प्रत्येक फॉर्मवर हातानं आखावा लागतो. पुढच्या सेमिस्टरला फॉर्म छापायला जातील तेव्हा ऑफिसनं तो छापूनच घ्यावा, आणि मुलांच्या हॉस्टेलच्या फॉर्मवरही घ्यावा, एवढी विनंती.